दोन बोटं सैल

टब घरात आणायचा असेल तर तो आधी जिन्यातून जायला हवा, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती मला कुणी सांगितलीच नाही. नंतर मात्र सगळ्यांनी सांगितली. टब दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर आडवा होऊन बसल्यावर इमारतीत असा एकही माणूस उरला नाही, ज्याला हे आधीपासून माहीत नव्हतं.

माझा धंदा मापाचा आहे, हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे ते लपणार नाही. मी कपड्यांच्या कारखान्यात साचे कापते. म्हणजे कोट शिवायचा असेल तर त्याची पाठ, पुढा, बाही, कॉलर कशी कापायची, याचे कागदी नमुने मी आधी तयार करते आणि मग त्यावरून शेकडो कोट निघतात. माझ्या गळ्यात कायम टेप असते. एकदा मी ती घालूनच झोपले होते. म्हणून माझी मैत्रीण मला 'मास्तर' म्हणते. आणि मी तिला 'नवाब' म्हणते, कारण दुसरं काही म्हणणं खोटं ठरलं असतं.

नवाब एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनवर कामाला आहे. दिवसभर उभं राहायचं, हसायचं आणि लोकांच्या हातात खोल्यांच्या चाव्या द्यायच्या. त्या खोल्यांत मऊ गाद्या, दाट पडदे आणि टब. "आणि ती माणसं काय करतात माहितीये?" ती घरी येऊन बूट भिरकावत म्हणायची. "येतात, शॉवरखाली दोन मिनिटं उभी राहतात आणि मीटिंगला पळतात. टब कोरडा तो कोरडाच. गाढवाला गुळाची चव काय!"

चव कशाची काय असते, हे नवाबला उपजत कळतं. आमच्या वयाच्या, म्हणजे तिशी तोंडावर आलेल्या मुली, हप्त्यांवर घरं घेत होत्या. आम्ही भाड्याच्या घरात राहून उशा घेतल्या. डोक्याची वेगळी, गुडघ्यांची वेगळी, पुस्तक वाचताना पाठीला लावायची वेगळी आणि एक नुसतीच मिठी मारायला. रविवारी दुपारपर्यंत कुणी अंथरुणातून उठायचं नाही, असा घराचा नियम होता. चीज, द्राक्षं आणि कॉफी बिछान्यातच. ज्याला 'महत्त्वाचं काम' म्हणतात ते काम त्या दिवशी कुणी काढलं, तर तिने दुसरीच्या टाचांना क्रीम चोळायचं, ही शिक्षा. मी मुळात काटकसरी घरातली. आमच्याकडे चांगला साबण पाहुण्यांसाठी कपाटात असायचा आणि तिथेच म्हातारा व्हायचा. नवाबने पहिल्याच आठवड्यात माझ्या कपाटातले सगळे साबण बाहेर काढले आणि विचारलं, "पाहुणी कोण? तू कुणाकडे राहतेस?" त्या दिवसापासून मी चांगला साबण वापरते.

नवाबची गादी हा स्वतंत्र विषय आहे. स्प्रिंगची, हातभर जाड, दोन माणसं आडवीतिडवी झोपतील एवढी रुंद आणि घडी न होणारी. ती तिने पहिल्या पगारात घेतली होती. पलंग नंतर कधीतरी घेऊ म्हणाली, तो अजून घ्यायचाच आहे.

तर असं सगळं सुखाने चाललेलं असताना नवाबला नोकरी चालून आली. दुसऱ्या शहरात, समुद्रकाठच्या हॉटेलात, सगळ्या रिसेप्शनची प्रमुख म्हणून. महिनाअखेरपर्यंत काय ते कळवायचं होतं.

"काय करणार?" मी विचारलं.

"बघू," ती म्हणाली आणि गुडघ्याची उशी डोक्यावर घेतली.

आता नवाब 'बघू' म्हणाली म्हणजे तिचं जायचं मन आहे, हे मला कळत होतं. नको असतं तर ती सरळ 'नको' म्हणाली असती. मी तोंडाने म्हटलं, "तुला हवं ते कर." मनात म्हटलं, हिला इथे धरून ठेवेल असं काहीतरी आता आणलं पाहिजे. आणि नेमकं त्याच आठवड्यात तिच्या हॉटेलाने जुन्या खोल्या नव्याने करायला घेतल्या आणि जुने टब काढून टाकले.

मला तो टब मिळाला तो असा. बिडाचा, आतून पांढराशुभ्र, बाहेरून काळा, चार पंजे असलेला. नवाब घरी नसताना मी तो परस्पर ठरवला. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. अशा टबात एकदा मानेपर्यंत बसलं की माणूस समुद्रकाठ वगैरे विसरतो, असा माझा हिशेब होता. घरमालकांना फोन केला, तर ते म्हणाले, "भिंतीला खिळा मारू नका, बाकी काही करा." टब हा खिळा नाही, म्हणून मी ती परवानगी धरली. आईला फोन केला, तर ती म्हणाली, "बादलीत काय वाईट आहे गं? बसून राहायला आंघोळ म्हणजे काय नाटक आहे?" तो मी आशीर्वाद धरला.

मग मी मापं घेतली. इथे मला माझ्या इभ्रतीसाठी थोडं सविस्तर बोलायला हवं. मापं घेतली नाहीत म्हणून टब अडकला, असं जे खालच्या मजल्यावर बोललं जातं ते साफ खोटं आहे. मी जिना मापला, वळण मापलं, दार मापलं, बाथरूम मापलं. गोष्ट एवढीच की माणसाचं माप घेताना टेपखाली दोन बोटं घालायची, ही आमची रीत. माणूस श्वास घेतो, जेवतो, बसतो. कपडा नेमका मापाचा झाला तर तो घालून नुसतं उभं राहता येतं. म्हणून दोन बोटं सैल. हे माझ्या हातात इतकं भिनलंय की मी भिंतीला टेप लावली तेव्हाही दोन बोटं आपोआप खाली गेली. या टोकाला दोन, त्या टोकाला दोन. जिन्याने थोडा श्वास घ्यावा म्हणून जणू. आणि टबाचं माप घेताना मी उलट टेप गच्च आवळली, कारण टब मला बारीक दिसायला हवा होता. कारखान्यात मापाला आलेल्या बायका आरशासमोर पोट आत घेतात, तसं मी त्याच्या वतीने घेतलं. कापड असतं तर निभावलं असतं. कापड ताणलं की जागा देतं. बीड देत नाही.

"ताई, बसेल ना?" टेम्पोतून टब उतरवताना हमालांच्या मुकादमाने विचारलं.

"मी मापलंय," मी गळ्यातल्या टेपला हात लावून म्हटलं.

"मग झालं तर," तो म्हणाला. टेपवर त्याचा एवढा विश्वास बसला, याचं मला आजही वाईट वाटतं.

पहिला मजला, दुसरा मजला, टब रुबाबात वर गेला. मी पुढे चालून 'सांभाळून, सांभाळून' म्हणत होते, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकत होते. मग वळण आलं. टबाचा एक पंजा कठड्याच्या गजांत शिरला, दुसरं टोक भिंतीला टेकलं, आणि हमालांनी जोर लावला तसा तो आणखी पक्का बसला. पुढे जाईना, मागे येईना. त्यांनी वरून ओढला, खालून ढकलला, त्याला समजावलं, शिव्या दिल्या. शेवटी मुकादमाने कपाळ पुसलं आणि विचारलं, "ताई, कुठे मापलं होतं?"

त्यांना दुसरं काम होतं. ते गेले. मी टबाशेजारी पायरीवर बसले आणि अशा अवस्थेत नवाब कामावरून आली. ती खालच्या पायरीवर थांबली. टबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा टबाकडे पाहिलं.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "हा आपला आहे?"

"हो."

"आपला टब?"

"अडकलाय."

"अगं पण आपला आहे ना!" असं म्हणून तिने बूट काढले आणि ती सरळ टबात जाऊन आडवी झाली. तिथे, जिन्यात, हॉटेलच्या गणवेशात. डोळे मिटले. "काय सुख आहे," ती म्हणाली. आणि मला वाटलं, काम फत्ते. अडकला तर अडकला, ही काही आता कुठे जात नाही.

सल्ले त्याच संध्याकाळी सुरू झाले. टब आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट उरली होती. पण तिच्यातून जाताना प्रत्येकाला काही क्षण तिथे थांबावंच लागे, आणि थांबलेला माणूस सल्ला दिल्याशिवाय पुढे जात नाही. तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य पोटाने सुखवस्तू होते. ते फटीत मध्यावर अडकून तिथूनच मला समजावत. "ही आडव्या अक्कलदाढेची केस आहे. ओढून उपयोग नाही. तुकडे करून काढायची." मी म्हटलं, बिडाचे तुकडे कसे करणार? ते म्हणाले, "आधी बधिर करायचं," आणि स्वतःच्या विनोदावर हसताना त्यांचं पोट हललं आणि ते सुटले.

सेक्रेटरीकाका वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. ते रोज सकाळी स्वतःची स्टीलची टेप घेऊन येत आणि टब मापत, जणू रात्रीत तो आकसला असेल. "तुम्ही कापडी टेपने मापलंत?" त्यांनी मला पहिल्या दिवशी विचारलं. "कापडी टेपने?" असं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा आवाज कापरा झाला. दोन दिवसांनी टबावर सूचना चिकटली, 'हा टब कोणाचा आहे? मालकाने त्वरित संपर्क साधावा.' टब कोणाचा आहे हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं, पण काका म्हणाले, रीत ती रीत. मी रीतसर संपर्क साधला. मग दुसरी सूचना लागली, 'सामाईक जागेत स्नान करण्यास सक्त मनाई आहे.'

मी अग्निशमन दलाच्या कचेरीतही जाऊन आले. त्यांच्याकडे दोर असतात, शिड्या असतात. खिडकीतल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आत माणूस अडकलाय?" त्यांनी विचारलं.

"नाही. नुसता टब."

"मग आमच्याकडे नाही येत. माणूस अडकला की या."

"पण टबच अडकलाय हो."

"तेच म्हणतोय. माणूस अडकला की या." मी निघाले तेव्हा ते मागून आपुलकीने म्हणाले, "मुद्दाम नका अडकवू." तिथून नगरपालिकेच्या मोठ्या कचऱ्याच्या विभागात गेले. त्यांची गाडी फक्त रस्त्यावरच्या वस्तू उचलते. "टब रस्त्यावर आणून ठेवा, लगेच नेतो," बाई म्हणाल्या. रस्त्यावर आणता आला असता तर मी त्याला घरी नसतं का नेलं? हे मी त्यांना विचारलं नाही. एव्हाना माझ्या अंगात वाद घालण्याचं बळ उरलं नव्हतं.

उपाय एकच दिसत होता, वळणावरचा कठडा सोडवायचा. पण कठडा सोसायटीचा, त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. सभा जिन्यातच भरली, कारण विषय तिथेच होता. प्रत्येकजण आपापल्या मजल्याच्या बाजूने पायरीवर बसला आणि इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदाच शंभर टक्के हजेरी लागली. चर्चा कठड्यावरून गच्चीवर गेली, गच्चीवरून पाण्याच्या टाकीवर, टाकीवरून कबुतरांवर, आणि शेवटी एकमताने ठराव झाला की टबाबाबत योग्य तो विचार करण्यात यावा. काकांनी तो लिहून घेतला. विचार काही कुणी केला नाही.

टबाच्या बाजूने बोलणाऱ्या एकच होत्या, चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई. त्यांचे गुडघे दुखत. त्या भाजीची पिशवी टबात ठेवत, काठावर टेकत, दम खात. "इतकी वर्षं या जिन्यात बसायला जागा नव्हती," त्या म्हणाल्या. "तेवढं बरं केलंस बाळा." दुसऱ्या दिवशी काठावर त्यांची चौकोनी उशी आली. मग दंतवैद्यांचं वर्तमानपत्र. मग नवाबने आमच्या उशा खाली आणल्या, सगळ्या जातींच्या. सामाईक जागेत स्नानाला मनाई होती, लोळायला नव्हती.

त्या रविवारी दुपारी आम्ही दोघी टबात बसलो होतो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या, पाय एकमेकींच्या कुशीत, मध्ये द्राक्षांची वाटी. माझ्या माणसांच्या मापात मात्र चूक नव्हती, दोघी त्यात बरोब्बर मावत होतो. जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होतं. मला वाटलं, सुख म्हणतात ते हेच असावं.

"मी त्यांना हो कळवलं," नवाब म्हणाली.

त्याच वेळी दंतवैद्य खालून आले. "माफ करा," ते म्हणाले, पोट आत घेतलं, आणि आमच्या चेहऱ्यांवरून हळूहळू पुढे सरकले. ते पार जाईपर्यंत आम्ही दोघी द्राक्षांकडे बघत होतो.

"छान," मी म्हटलं.

"मास्तर."

"छान म्हटलं ना. कधी?"

"पुढच्या शनिवारी टेम्पो येईल. सोमवारी हजर व्हायचंय."

मी एक द्राक्ष उचललं आणि परत ठेवलं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "पण मग हा टब?"

"टबाचं काय?"

"हा तुझ्यासाठीच आणला मी. म्हटलं टब आला की तू जायची नाहीस."

शिक्षिकाबाई वरून उतरत होत्या. त्यांनी आमची तोंडं पाहिली, काठावर न टेकता तशाच खाली गेल्या आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. तेवढ्याने मला रडू आलं. जिन्यात, टबात, उशांमध्ये बसून रडणं फार अवघड असतं, कारण उठून जाता येत नाही.

"वेडे," नवाब म्हणाली. तीही रडत होती. "टब कशाला लागतो? तुझ्यामुळेच तर 'बघू' म्हणत होते. नाहीतर त्याच दिवशी हो म्हटलं असतं. मला इतकं बरं वाटतं इथे, म्हणून तर भीती वाटते. पण मला चाव्या देऊन देऊन कंटाळा आलाय गं. तिथे माझ्या हाताखाली माणसं असतील. मला बघायचंय मला जमतं का."

"तुला जमेल," मी म्हटलं. तेवढं खरं होतं, म्हणून म्हणता आलं.

शनिवारी टेम्पो आला. कपड्यांच्या बॅगा फटीतून गेल्या, भांडी गेली, उशांमधल्या निम्म्या गेल्या. वाटणी करताना मिठी मारायची उशी तिने माझ्याकडे ढकलली, मी तिच्याकडे ढकलली, शेवटी ती तिच्याकडे गेली. आणि मग गादी निघाली. टेम्पोवाल्यांनी ती तिसऱ्या मजल्यावरून अर्धा जिना खाली आणली आणि ती टबाला येऊन थडकली. उभी धरली, तिरकी धरली, डोक्यावर घेतली. जिथे दंतवैद्य कसेबसे जात तिथून ती गादी काय जाणार? हत्ती गेला आणि शेपूट अडकलं, अशी गत.

नवाबने गादी जिन्यात टेकवली आणि तिच्यावर बसली. "बघ मास्तर," ती म्हणाली, "तुझा टब जिंकला." आणि हसायला लागली. मग हसू थांबलं. "मी त्यांना फोन करते. म्हणते सामान अडकलंय. थोडे दिवस मागतात लोक. नाहीतर नाहीच म्हणून सांगते."

"आणि दुसरी कुणी ठेवली त्यांनी तर?"

"तर ठेवली," ती म्हणाली आणि गादीच्या शिवणीचा दोरा ओढत राहिली.

खरं सांगते, मला आनंद झाला. पोटातून झाला. महिनाभर ज्याच्यासाठी मी सूचना वाचल्या, टोमणे खाल्ले, अग्निशमन दलापुढे हात जोडले, ते काम टबाने शेवटी करून दाखवलं होतं. तो नवाबला जाऊ देत नव्हता. गादी ठेवूनही ती जाऊ शकली असती, हे तिला माहीत होतं आणि मलाही. तिला फक्त कारण हवं होतं, आणि ते मी बिडात ओतून वळणावर आणून ठेवलं होतं. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. मला कुणी बोल लावला नसता.

पण तिचा चेहरा बघितला मी. गादीवर बसलेली असूनही नवाब सुखात दिसत नव्हती. गेल्या इतक्या वर्षांत गादीवर बसून हिचं तोंड असं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी गळ्यातली टेप काढली. भिंतीला लावली. सवयीने दोन बोटं खाली गेली. मी ती बाहेर काढली आणि अंगठ्याने टेप नेमकी दाबून धरली. जिना मापला, टब मापला, त्याचा पंजा मापला, कठड्याच्या कोपऱ्यातल्या खांबावर बसवलेला मोठा लाकडी गोळा मापला. मापून होईस्तोवर वरून खालून सगळी इमारत गोळा झाली होती.

"बाही," मी म्हटलं.

"काय?" सेक्रेटरीकाका म्हणाले.

"कोटाची बाही अंगाला लावताना कधी ढकलत नाहीत. ढकलली की चुण्या पडतात. ती फिरवत फिरवत बसवायची. आपण याला नुसतं ढकलतोय. याला उभा करायचा, पंजा वर घ्यायचा आणि जागेवर फिरवायचा. गोळा तेवढा निघाला तर जातो. सैल नाही जायचा, अगदी घासून जाईल. पण जातो."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. गोळा सोसायटीचा होता. काकांनी आपली स्टीलची टेप काढली, माझं माप पुन्हा घेतलं, आणि बराच वेळ टेपकडे बघत राहिले. "बरोबर आहे," ते म्हणाले. मग त्यांनी त्या गोळ्यावर हात ठेवला. तो गोळा आमच्या जन्माआधीपासून जागेवरून हलला नसेल. "हा सैल झालाय," काका म्हणाले. "मी आत्ताच पाहिलं. दुरुस्तीसाठी काढायला ठराव लागत नाही." वजनमापे खात्यातला माणूस सगळ्यांसमोर खोटं बोलला आणि पाना आणायला घरात गेला. सैल झालेला तो गोळा काढायला दोन दणकट माणसं आणि दंतवैद्यांचं सगळं वजन लागलं.

टब उभा राहिला. सगळ्यांनी हात लावले. "फिरवा, ढकलू नका!" मी ओरडत होते. "आता डावीकडे. अजून. श्वास घ्या. आता." भिंतीचा थोडा रंग गेला, माझ्या कोपराचं सालटं गेलं, आणि टब वळणावरून सुटला. आता वर न्यायचा की खाली, असं टेम्पोवाल्याने विचारलं. मी नवाबकडे पाहिलं. "वर," ती म्हणाली, "घरी." म्हणून गादी तात्पुरती मागे वर गेली, टब तिच्या मागून घरात आला, आणि मग गादी परत निघाली ती थेट रस्त्यावर पोचली. बाथरूमच्या दाराची हकीगत मी सांगणार नाही. तेही मीच मापलं होतं. टब हॉलमध्ये खिडकीखाली ठेवला.

टेम्पोजवळ आम्ही दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं. दोन बोटंसुद्धा शिरणार नाहीत इतकं. टेम्पोवाला घड्याळ बघत होता, त्याला बघू दे. "माझा चांगला साबण ठेवलाय तुझ्यासाठी," नवाब माझ्या खांद्यात म्हणाली. "वापर. कपाटात घातलास तर परत येऊन मारीन." मग ती पुढे चढून बसली, आणि वळणावरून टेम्पो दिसेनासा होईपर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता. वर जाताना मधल्या वळणावर शिक्षिकाबाई भेटल्या. त्या रिकाम्या जागेकडे पाहत उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिथे एक लहान खुर्ची दिसली. सूचना लागली नाही. खुर्ची कोणाची, हे काकांनी कुणाला विचारलं नाही, कारण ती त्यांच्याच घरातली होती.

पुढच्या रविवारी मी पाणी तापवलं. बादल्या भरभरून टबात ओतल्या. दुपार होती, खिडकीतून ऊन येत होतं. मी साबणाचं वेष्टन फोडलं आणि आत बसले. पाणी मानेपर्यंत आलं. शेजारच्या स्टुलावर फोन ठेवला आणि नवाबला लावला. तिने उचलला तेव्हा मागून कुणीतरी तिला मॅडम म्हणत होतं. "दोन मिनिटांत आले," ती त्याला म्हणाली. तिचा तो आवाज मी ओळखला नाही, इतका तो ठाम होता.

"आत आहेस?" तिने मला विचारलं.

"आत आहे."

"साबण?"

"वापरलाय."

"मग? कसा बसतोय टब?"

मी पाय लांब केले. पलीकडच्या टोकापर्यंत ते कशालाच लागले नाहीत.

"सैल होतोय," मी म्हटलं.

"दोन बोटं?"

"नाही गं. एक माणूस."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "पाणी गरम आहे ना?" तिने विचारलं.

"आहे."

"मग गप पडून राहा. मी ठेवत नाही फोन."

मी पडून राहिले. तिकडे तिला पुन्हा कुणीतरी मॅडम म्हणून हाक मारली, आणि ती फोन तसाच चालू ठेवून त्याला काम सांगायला लागली.